श्वासाबरोबर हलणाऱ्या गाठीचा माग : प्रकल्प नोंदी

४ मार्च

आजपासून रोजचं काम इथे लिहून ठेवते.

प्रश्न सरळ आहे. फुफ्फुसातल्या गाठीला रेडिएशन द्यायचं तर गाठ कुठे आहे ते माहीत हवं, आणि ती एका जागी नसते. माणूस शांत पडून असला तरी मिनिटाला बारा ते वीस श्वास चालू असतात आणि प्रत्येक श्वासाला गाठ वरखाली होते. जपानमधल्या होक्काइडोमध्ये गाठीजवळ सोन्याचा मणी बसवून तो क्ष-किरणांनी सतत टिपत मोजमाप केलं होतं. २००२ साली छापून आलेल्या त्या आकड्यांत फुफ्फुसाच्या खालच्या खंडातल्या, कशालाही न चिकटलेल्या गाठी डोक्याकडून पायांकडे सरासरी १२ मिमी हलत होत्या. एएपीएमच्या (वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची अमेरिकी संघटना) २००६ च्या अहवालाने रेघ ५ मिमीवर ओढली आहे: त्याहून जास्त हालचाल असेल तर श्वासाचं काहीतरी व्यवस्थापन करण्याचा विचार करा.

आपलं काम म्हणजे फोर-डी सीटीच्या (एका श्वासाची लागोपाठची चित्रं देणारा स्कॅन) दहा टप्प्यांतून शरीरातला प्रत्येक ठिपका कुठून कुठे गेला ते काढणं. डॉक्टर एका टप्प्यावर गाठीचा कॉन्टूर, म्हणजे कडेची रेघ, काढतील, तो बाकीच्या नऊ टप्प्यांवर आपण नेऊन ठेवायचा. सगळ्यांची मिळून जी जागा होईल तो आयटीव्ही.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते, कारण ती विसरली जाते. टेबल एका जागी थांबवून एक पूर्ण श्वास होईपर्यंत तिथलेच काप पुन्हा पुन्हा घेतात, मग टेबल पुढे सरकतं. पोटावरच्या ठोकळ्याची वरखाली कॅमेरा टिपत असतो, आणि त्यावरून कापांची दहा टप्प्यांत वाटणी होते. पडद्यावर दिसतो तो एक श्वास, पण तो अनेक श्वासांचे तुकडे जोडून केलेला असतो.

७ मार्च

सुरुवात सार्वजनिक डेटावर, डीआयआर-लॅब या संग्रहातल्या दहा रुग्णांवर. प्रत्येकाच्या पूर्ण श्वास आणि पूर्ण उच्छ्वास या दोन टप्प्यांत हाताने जुळवलेल्या ३०० खुणांच्या जोड्या मिळतात. कापांतलं अंतर २.५ मिमी.

रजिस्ट्रेशन (दोन चित्रांतले ठिपके सॉफ्टवेअरने एकमेकांशी जुळवणं) न करता नुसतं खुणांमधलं अंतर मोजलं. पहिला रुग्ण ३.८९ मिमी, आठवा १४.९९. छापील आकडे तंतोतंत हेच. जीव भांड्यात पडला. फाइली नीट वाचल्या जात आहेत असं धरून पुढे जाते.

१२ मार्च

पहिलं रजिस्ट्रेशन चाललं. बी-स्प्लाइनची जाळी (गुळगुळीत वक्रांनी हालचाल मांडणारी), आधी ढोबळ, मग बारीक. पहिल्या रुग्णाचा निकाल बरा वाटला. पण फुफ्फुसाच्या मधल्या भागात रक्तवाहिन्या उगाच आडव्या सरकलेल्या दिसतात. तिथे तर फारशी हालचालच नाही.

दुपारभर डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. मी दोन चित्रांतल्या उजळपणाच्या फरकाचा वर्ग कमीत कमी करायला सांगितलं होतं. म्हणजे तोच ठिपका दोन्ही टप्प्यांत तितकाच उजळ असतो असं गृहीत धरलं होतं. फुफ्फुसात ते खरं नाही. उच्छ्वासाच्या शेवटी एखादा भाग −७०० हाउन्सफिल्ड (सीटीतल्या उजळपणाचं एकक; पाणी ०, हवा −१०००) असेल तर त्याची घनता पाण्याच्या साधारण ०.३०. हवा येऊन तोच भाग वीस टक्के फुगला की तेवढंच वस्तुमान १.२ पट जागेत पसरतं. घनता ०.२५, म्हणजे −७५०. ठिपका नेमका जुळलेला असला तरी पन्नासचा फरक राहतोच. सॉफ्टवेअरला तो फरक मिटवण्याचा एकच मार्ग माहीत आहे, वस्तू सरकवणं. म्हणून वाहिन्या सरकल्या.

उपाय दोन. एक, फुगण्याच्या प्रमाणात उजळपणा दुरुस्त करत करत जुळवायचं. दुसरा, छोट्या छोट्या खिडक्यांत नुसता परस्परसंबंध बघायचा, म्हणजे सगळी खिडकी मिळून काळी झाली तरी बिघडत नाही. पहिला भौतिकशास्त्राला धरून आहे, तरी मी दुसरा घेतला. घनतेचा बदल रजिस्ट्रेशनमध्ये वापरून टाकला तर तपासायला काही उरत नाही. न वापरता बाजूला ठेवला तर नंतर विचारता येतं: फील्ड (कोणता ठिपका कुठे गेला याचा रजिस्ट्रेशनने काढलेला नकाशा) म्हणतं हा भाग १.२ पट फुगला, घनताही तेच म्हणते का? हा साक्षीदार मला हाताशी हवा आहे.

१९ मार्च

आजचा दिवस एका चुकीत गेला, पण तो वाया गेला असं मला वाटत नाही.

आकडे छापील निकालांपेक्षा सतत थोडे जास्त येत होते. जाळी बदलली, गुळगुळीतपणाचं वजन (फील्ड किती सलग ठेवायचं ते) बदललं, काही फरक नाही. शेवटी कोड बंद केला आणि खुणा चित्रावर ठेवून एकेक डोळ्यांनी बघायला लागले. वाहिनीला जिथे फाटा फुटतो तिथे फुली बसायला हवी. बसत होती ती जरा बाजूला. पहिलीला वाटलं तज्ज्ञाचा हात हलला असेल. दहावीपर्यंत लक्षात आलं की फुली दर वेळी त्याच बाजूला सरकलेली आहे.

खुणांच्या फाइलीतले आकडे १ पासून मोजलेले आहेत, माझा कोड ० पासून मोजतो. आडव्या दिशांना मिलिमीटरभर, कापांच्या दिशेला अडीच मिलिमीटर सरक.

मग ७ तारखेला आकडे तंतोतंत कसे जुळले? दोन्ही टप्प्यांतल्या खुणा सारख्याच सरकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर बदललंच नाही. जी तपासणी करून मी निश्चिंत झाले होते, तिला ही चूक पकडता येणंच शक्य नव्हतं. दुरुस्तीनंतर सर्वांत जास्त फरक श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) आणि फुफ्फुस यांच्या सीमेजवळ पडला. तिथे फील्ड भराभर बदलतं, त्यामुळे जरा बाजूला वाचलं तरी उत्तर वेगळं येतं.

यापुढे कोणताही नवा डेटा आला की आधी वीस खुणा चित्रावर बघायच्या, आकडा नंतर.

२७ मार्च

दहाही रुग्ण झाले. आठवा सोडला तर सरासरी चूक मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरच्या आसपास. तज्ज्ञांनी त्याच खुणा पुन्हा लावल्या तरी सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे याहून खाली रेटण्यात अर्थ नाही. जेकोबियन (प्रत्येक जागा किती पट फुगली ते सांगणारा आकडा) कुठेही ऋण नाही, म्हणजे फील्ड स्वतःवरच दुमडलेलं नाही. आता खऱ्या रुग्णांकडे वळायचं. ओळख काढून टाकलेले सहा स्कॅन, स्कॅनचं काम बघणाऱ्या मॅडमनी दिले आहेत, दहाही टप्प्यांवर डॉक्टरांनी हाताने काढलेल्या गाठीच्या कॉन्टूरसकट.

५ एप्रिल

रुग्ण तीन. अडीच-तीन सेंटिमीटरची गाठ, खालच्या खंडात, मागच्या बाजूला बरगड्यांना टेकलेली. हाताच्या कॉन्टूरवरून गाठीचा मध्य उभ्या दिशेला ९ मिमी हलतो. माझं फील्ड ५ म्हणतं.

चार मिलिमीटर कमी. म्हणजे माझ्या आकड्यावर विसंबून आयटीव्ही काढला असता तर प्रत्येक श्वासाच्या एका टोकाला गाठीचा काही भाग बाहेर राहिला असता. सव्वा मिलिमीटरच्या सरासरीने मी खूश होते. त्या सगळ्या खुणा फुफ्फुसाच्या आत होत्या, जिथे वाहिन्या ठळक दिसतात आणि सॉफ्टवेअरला धरायला काहीतरी मिळतं. गाठीवर एकही खूण नव्हती.

८ एप्रिल

कारण शोधायला परत डीआयआर-लॅबच्या आठव्या रुग्णाकडे गेले, कारण हालचाल तिथे सर्वांत मोठी आहे. श्वासाचं चित्र फील्डने वाकवून उच्छ्वासावर ठेवलं आणि बरगड्यांकडे बघितलं. फुफ्फुस छान बसलं आहे, पण बरगडीची आतली कडा लाटेसारखी झाली आहे. हाड श्वासाने वाकत नाही.

फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं नसतं. दोन पातळ आवरणं, मध्ये पाण्याचा पापुद्रा, आणि त्यावरून फुफ्फुस घसरतं. भिंतीच्या आत एक मिलिमीटरवर हालचाल १० मिमी, बाहेर एक मिलिमीटरवर जवळपास शून्य. माझं बी-स्प्लाइन मात्र मुळातच गुळगुळीत. त्याला अशी उडी जमत नाही, म्हणून ते तडजोड करतं: बरगडी थोडी ओढतं, फुफ्फुस थोडं रोखून धरतं. रुग्ण तीनची गाठ नेमकी त्या तडजोडीच्या पट्ट्यात बसली आहे.

१० एप्रिल

फुफ्फुसाचा मास्क (फुफ्फुस कुठवर आहे ते दाखवणारा आकार) काढून आत आणि बाहेर वेगळं रजिस्ट्रेशन, मग दोन्ही फील्ड सीमेवर जोडायची. आठव्या रुग्णाची चूक स्पष्ट कमी झाली, बरगड्या सरळ. रात्री रुग्ण तीन लावून घरी जाते.

११ एप्रिल

रुग्ण तीन: गाठीची हालचाल ९ च्या जागी २ मिमी.

सकाळी हा आकडा बघून खरोखर हात गळाले. उपाय केला, खुणांवरची सरासरी सुधारली, आणि ज्या जागेसाठी हा सगळा खटाटोप तिथे चूक दुपटीच्या जवळ गेली.

मास्क पडद्यावर घेतला तेव्हा उलगडलं. मास्क कसा काढला होता? जे काळं, हवेसारखं, ते फुफ्फुस. गाठ काळी नसते, ती स्नायूइतकीच उजळ. फुफ्फुसाच्या मधोमध असती तर चहूबाजूंनी हवा होती, भोक भरून घेतलं असतं. पण ही भिंतीला टेकलेली. मास्कला तिथे कुणी चावा घेतल्यासारखा खड्डा पडला होता आणि गाठ सरळ भिंतीच्या बाजूला गेली होती. मी स्वतःच तिला बरगड्यांना बांधून टाकलं होतं. बरगड्या हलत नाहीत, मग गाठ तरी कशी हलणार?

खड्डा बुजवून, मास्कची कड बरगड्यांच्या आतल्या अंगाने ओढून पुन्हा चालवलं. ८.६ मिमी.

आनंद झाला, पण एक शंका घेऊनच. खड्डा बुजवायचा हे मी ठरवलं, कारण हाताचा आकडा मला माहीत होता. माहीत नसता तर?

१६ एप्रिल

डॉक्टरांशी बोलायला अर्धा तास मिळाला. माझा प्रश्न एवढाच होता: भिंतीला टेकलेली गाठ कोणत्या बाजूची धरायची, फुफ्फुसाच्या की भिंतीच्या?

"ते प्रत्येक वेळी वेगळं," ते म्हणाले. "नुसती टेकलेली असेल तर फुफ्फुसाबरोबर घसरते. भिंतीत शिरलेली असेल तर तिथेच राहते. तुमचा खड्डा बुजवायचा नियम सगळ्यांना लावलात तर शिरलेली गाठसुद्धा तुम्ही हलवून दाखवाल."

मग त्यांनी रुग्ण तीनचा उभा छेद लावला आणि दहा टप्पे फिरवत ठेवले. गाठीची मागची कड आणि बरगडी यांच्यामध्ये चरबीची एक बारीक करडी रेघ आहे. ती रेघ जागेवर राहते आणि गाठ तिच्यावरून सरकते. एका बरगडीच्या वरच्या कडेवर बोट ठेवून बघायला लावलं त्यांनी: श्वास आत घेतला की गाठ बोटाच्या खाली जाते, सोडला की वर येते. मी हे स्कॅन आठवडाभर उघडून बसले होते, पण असं कधी बघितलं नव्हतं.

एक सावधगिरी त्यांनी आवर्जून सांगितली. गाठ भिंतीवरून सरकताना दिसली तर ती चिकटलेली नाही एवढं म्हणता येतं. सरकताना दिसली नाही, तर चिकटलेलीच आहे असं म्हणता येत नाही. वरच्या टोकाला फुफ्फुसच मुळात फार कमी हलतं.

ठरलं ते असं. सॉफ्टवेअर आपल्या मनाने बाजू ठरवणार नाही. गाठ भिंतीपासून ५ मिमीच्या आत असेल तर ते थांबेल, उभ्या छेदाचे दहा टप्पे दाखवेल आणि विचारेल. दिलेलं उत्तर आणि देणाऱ्याचं नाव प्लॅनबरोबर जतन होईल. पूर्ण स्वयंचलित करायचं हे आमचं मूळ ठरलेलं उद्दिष्ट होतं, त्यातून हा भाग मी काढून टाकते आहे. तीस सेकंदांचं बघणं आहे, आणि ते माणसानेच करायचं आहे.

१८ एप्रिल

रुग्ण दोन. श्वास घेताना आणि सोडताना गाठ एकाच वाटेने जात नाही, बारीक वेटोळं करते. वाटांमध्ये साधारण २ मिमीचं अंतर. २००२ च्या त्या मोजणीतही जवळपास निम्म्या गाठींमध्ये १ ते ५ मिमीचं असं अंतर होतं. तेव्हा नुसती दोन टोकं जुळवून मधलं अंदाजाने भरणं बंद, दहाही टप्पे चालवायचे. वेळ जास्त लागतो, लागू दे.

२४ एप्रिल

रुग्ण सहा. उजव्या खालच्या खंडातली गाठ, यकृताच्या घुमटापासून बोटभर वर. इथे दहा टप्प्यांतला सर्वाधिक उजळपणा घेऊन केलेलं एकत्र चित्र उपयोगाचं नाही, कारण श्वास सोडताना यकृतही वर येतं आणि गाठीचा खालचा भाग त्याच्या उजळपणात बुडून जातो. म्हणूनच मॅडमना इथे आमचं फील्ड हवं होतं.

फील्ड वरवर चांगलं दिसतं. पण फुगण्याचा नकाशा काढला तर घुमटाच्या पातळीवर एक आडवा पट्टा: वरच्या कडेला ऊती निम्म्याहून जास्त दबलेल्या, लगेच खाली दुपटीहून जास्त फुगलेल्या. १२ मार्चला बाजूला ठेवलेला साक्षीदार बोलावला. घनता म्हणते असं काहीही झालेलं नाही, त्या पट्ट्यात ती शेजारच्या भागासारखीच बदलली आहे. आणि पट्ट्याच्या दोन्ही कडा सरळसोट आडव्या. शरीरात इतकी सरळ रेघ नसते.

मूळ चित्र उघडलं. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात यकृताच्या घुमटाच्या वर आणखी एक तुकडा तरंगतो आहे, खालच्या भागापासून सुटलेल्या टोपीसारखा. पट्ट्याची जाडी टेबलाच्या एका थांब्याइतकी. कॅमेऱ्याने टिपलेली श्वासाची रेघ मागवली. त्या थांब्यावर रुग्णाने एक खोल उसासा टाकला आहे आणि पुढचे दोन श्वास अगदी उथळ घेतले आहेत. तिथला तुकडा वेगळ्याच श्वासाचा. रजिस्ट्रेशनने ती टोपी इमानाने जुळवली, कारण तिला वाटलं की ती खरी आहे.

२५ एप्रिल

टप्प्यांऐवजी श्वासाच्या उंचीनुसार काप पुन्हा वाटून बघितले. टोपी गेली, पण त्या थांब्यावर मधल्या उंचीचे कापच नाहीत, चित्रात काळी फट राहते. जो क्षण टिपलाच गेला नाही तो कुठल्याही वाटणीतून निघणार नाही.

गुळगुळीतपणाचं वजन तिप्पट केलं तर पट्टा दिसेनासा होतो. हे करून बघितलं आणि लगेच पुसून टाकलं, कुणी चुकून वापरू नये म्हणून. पट्टा दिसत होता तोवर निदान कळत तरी होतं की इथे काहीतरी चुकलं आहे.

मॅडमना चित्र, नकाशा आणि श्वासाची रेघ शेजारी शेजारी ठेवून दाखवलं आणि पुन्हा स्कॅन करावा असं सांगितलं. रुग्णाला पुन्हा आडवं व्हावं लागेल, थोडा जास्त डोसही मिळेल, हे सांगणं मला सोपं गेलं नाही. मॅडमनी एकच विचारलं, "गाठ त्या पट्ट्यात येते का?" खालचा एक तृतीयांश भाग येतो. त्यांनी तिथेच फोन उचलला.

२९ एप्रिल

स्कॅनच्या वेळी मीही कन्सोलच्या खोलीत होते. मागच्या वेळी स्कॅन सुरू होण्याआधी "एकसारखा श्वास घ्या" असं सांगितलं होतं, असं समजलं. असं सांगितलं की माणूस श्वासाचाच विचार करायला लागतो, खोल घेतो, दमतो आणि मध्येच उसासा टाकतो. या वेळी मॅडमनी आजोबांना टेबलावर झोपवून पाच-सात मिनिटं नुसतं पडू दिलं. "काही करायचं नाही काका, मशीन तुमच्याबरोबर चालेल," एवढंच म्हणाल्या. पडद्यावर रेघ आधी दातेरी होती. हळूहळू बसत गेली, आणि एका लयीत सात-आठ श्वास झाल्यावर त्यांनी बटण दाबलं.

घुमट दहाही टप्प्यांत अखंड.

३० एप्रिल

रुग्ण सहा, नवा स्कॅन. फुगण्याचा नकाशा आणि घनतेचा नकाशा घुमटापर्यंत एकमेकांशी जुळतात. गाठीची हालचाल ११ मिमी. जुन्या स्कॅनवरून ७ आली होती. डॉक्टरांनी नव्या स्कॅनवर टोकाच्या दोन टप्प्यांत हाताने कॉन्टूर काढले, माझा आकडा न बघता: १०.५.

अर्थात हा आजच्या दिवसाचा श्वास. उपचाराच्या रोजच्या दिवशी तो थोडा वेगळा असेल, त्यासाठी पीटीव्हीचं मार्जिन (आयटीव्हीभोवती सोडलेली जास्तीची जागा) आणि टेबलावरचा कोन-बीम (उपचाराच्या टेबलावरच घेतलेला सीटी) आहे. आयटीव्ही मार्जिनची जागा घेत नाही, हे हस्तांतराच्या टिपणात ठळक लिहिलं आहे.

दहा टप्प्यांचे कॉन्टूर मॅडमच्या फोल्डरमध्ये ठेवले. प्रत्येक रुग्णासोबत आता तीन गोष्टी जातील: श्वासाची रेघ, घनतेशी न जुळणाऱ्या जागांचा नकाशा, आणि भिंतीच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. उद्या रुग्ण एक आणि चार नव्या मास्कने पुन्हा चालवायचे. चारची गाठ भिंतीपासून ६ मिमीवर आहे, म्हणजे माझ्या ५ च्या नियमात ती सुटते. नियम १० वर न्यावा का, ते तिच्याकडे बघून ठरवेन.